रक्ताची उलटी म्हणजे दारूच, असं नाही

रक्ताची उलटी झाली की घरात कुजबुज सुरू होते: "पीत असणार, नाहीतर तिखट खाऊन अल्सर." थेंबही न घेतलेल्या माणसाच्या माथी हा डाग लागतो, याचं फार वाईट वाटतं. अल्सर हे नेहमीचं कारण खरं. पण तोही बहुतेकदा हेलिकोबॅक्टर जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो, मिरचीमुळे नाही.

आणि कधीकधी अल्सर नसतोच. जठराच्या अस्तराखाली रक्तवाहिन्या बारीक होत जायला हव्यात. एखादी मात्र १ ते ३ मिलिमीटर जाडच राहते. तिच्यावरचं अस्तर टाचणीच्या टोकाएवढं झिजलं तरी भळाभळा रक्त येतं, बहुधा पोटात न दुखता. हा ड्युलाफॉय दोष. पॅरिसच्या डॉ. जॉर्ज ड्युलाफॉय यांनी १८९८ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही ही अल्सरची सुरुवातच वाटली होती!

रक्त थांबलं की एंडोस्कोपीत (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) ही जागा नजरेतून सहज निसटते. म्हणून पहिली तपासणी 'नॉर्मल' आली आणि पुन्हा रक्त पडलं, तर दुसरी करून घ्यावीच लागते. जागा सापडली की क्लिप किंवा रबरबँड लावून रक्तस्राव बहुतेकदा तिथल्या तिथे थांबवता येतो.