काटा एकच, बाळं दोन

दोन बाळं, दोघांचंही वजन १.८ किलो. एक गरोदरपणाच्या ३२ आठवड्यांनी जन्मलेलं, दुसरं ३९. दोघांनाही सरसकट ‘कमी दिवसांचं’ म्हटलं जातं, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं, अडीच किलोच्या आत भरलं ते कमी वजनाचं. एखादं बाळ दोन्ही असतं. व्याख्या एवढीच.

वजनकाटा हा फरक दाखवत नाही, तळपाय दाखवतो. ३२ आठवड्यांच्या बाळाचा तळवा बराचसा गुळगुळीत असतो. ३९ आठवड्यांच्या बाळाच्या तळव्यावर टाचेपर्यंत रेघा असतात, आणि कान दुमडून सोडला तर टुणकन जागेवर येतो.

खरा घोळ मेंदूबद्दल होतो. मेंदूच्या बहुतेक वळ्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. ३२ आठवड्यांच्या बाळाला हे उरलेलं काम बाहेर, उजेडात, गोंगाटात, सुया टोचून घेत उरकावं लागतं. चेतातंतूंवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त थराचं, वेष्टण चढवणाऱ्या पेशी तेव्हा कोवळ्या असतात. ऑक्सिजन कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला की आधी त्यांनाच इजा होते. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेच्या रक्तवाहिन्याही नाजूक, म्हणून टाळूवरून सोनोग्राफी करून रक्तस्राव झालाय का ते बघतात. दुसऱ्या बाळाला बहुधा वारेतूनच पुरवठा तुटपुंजा होता. असं झालं की शरीर मिळेल ते आधी मेंदूकडे वळवतं, म्हणून हातपाय काटकुळे आणि डोकं त्या मानाने मोठं दिसतं. त्याच्याही मेंदूला झळ लागू शकते, पण त्याचे दिवस भरलेले असतात.

म्हणूनच वय मोजताना दोघांना एक हिशेब लावू नका. चार महिने झाले, मान धरत नाही. ३२ आठवड्यांच्या बाळाचे, पूर्ण गरोदरपणाचे ४० उणे ३२, म्हणजे ८ आठवडे वजा करा. विकासाच्या हिशेबाने ते दोनच महिन्यांचं आहे. त्याला शेजारच्या बाळाशी ताडून पाहणाऱ्यांना हात जोडावेत. ३९वाल्याला मात्र ही सूट नाही, त्याला डॉक्टरांना दाखवा. ‘लहान होतं ना, धरेल हळूहळू’ हे वाक्य मला ऐकवत नाही. ही वजाबाकी साधारण दोन वर्षांपर्यंत करायची, आणि लसींसाठी करायचीच नाही. त्या जन्मतारखेपासूनच मोजतात.

आणि पाय कात्रीसारखे ताठ होत असतील, मुठी कायम आवळलेल्या असतील, किंवा वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरत असेल, तर आठवडे मोजत बसू नका.