सागवानाला वाळवी लागत नाही? कुंपण बदलण्याआधी वाचा

रो-हाउसच्या मागचं कुंपण बदलायचं निघालं की नेरुळ असो की घोडबंदर, शेजारपाजारचे हमखास सांगतात, "महाग पडलं तरी सागवानच घे, त्याला वाळवी लागत नाही." हे अर्धंच खरं आहे आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात, म्हणजे त्या सोनेरी-तपकिरी भागात असतो, वाळवी आणि बुरशीला नको असलेली द्रव्यं तिथेच साठतात, सालीजवळचा पांढुरका भाग सागाचा असला तरी वाळवी खाते. स्वस्तात मिळणाऱ्या फळीची कड नीट बघा, फिकट पट्टा दिसला तर ती बाहेर पावसात लावू नका, प्लीज.

आणि अख्खं कुंपण सागाचं कशाला? आधी सडतात ते खांब, तेही जमिनीलगत, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, आणि आपल्याकडे पाऊस ४ महिने! खांब जीआय पाईपचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचे) नाहीतर सिमेंटचे घ्या, फळ्या जमिनीपासून २-३ इंच वर ठेवा, मग वखारीत ऐनाचं लाकूड, बाभळीचा गाभा किंवा जुन्या घराचं उतरवलेलं लाकूड मिळालं तरी मस्त चालतं. पॅकिंगचं पाईन साधं नको, प्रेशर ट्रीटमेंटवालं, म्हणजे दाबाखाली औषध आतपर्यंत मुरवलेलं बघा, नुसतं बोरॅक्स (कीड-बुरशीवरचा पाण्यात विरघळणारा क्षार) मारलेलं असेल तर ते पावसात धुऊन जातं. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना रंगाचा जाड हात द्या, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शोषलं जातं.