बालपणीच्या आघातांवर प्रौढपणी होणारे मानसोपचार

लहानपणी वारंवार झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड किंवा घरातला कायमचा धाक यांचे परिणाम मोठेपणीही शिल्लक राहतात. त्यांच्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञाकडून घेतले जाणारे हे उपचार. अपघात किंवा भूकंपाच्या धक्क्याहून हे दुखणे वेगळे असते, कारण इजा करणारी व्यक्ती बहुधा घरातली, मूल जिच्यावर विसंबून असते अशीच असते. संध्याकाळी दाराची कडी वाजली की चाळिशीतल्या माणसाच्या छातीत धस्स होते, हात गार पडतात आणि कारण मात्र सांगता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (लागू २०२२) ‘जटिल आघातोत्तर तणाव विकार’ (दीर्घकाळ किंवा वारंवार झालेल्या आघातांनंतर उरणारा विकार) ही स्वतंत्र नोंद आहे. त्याआधी १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा यांचा अमेरिकेतील अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अभ्यासाची सुरुवात अशी झाली: डॉक्टर फेलिटींच्या सॅन डिएगोतील लठ्ठपणा-उपचार केंद्रात वजन चांगले उतरत असलेले रुग्णच मध्येच उपचार सोडत. चौकशी करता त्यांतील अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले. प्रतिकूल अनुभवांचे प्रकार जितके अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसने आणि हृदयविकारही अधिक, असे या अभ्यासात आढळले.

उपचारांचा क्रम अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडला: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, शेवटी माणसांत परतणे. पहिला टप्पा सर्वांत दुर्लक्षिला जातो. त्यात झोप, व्यसन, स्वतःला इजा करण्याची ओढ यांकडे पाहिले जाते. घाबरल्यावर तळपाय जमिनीवर घट्ट टेकवून खोलीतल्या वस्तूंची नावे घेणे, अशा साध्या गोष्टी शिकवल्या जातात. हा टप्पा प्रत्येकाला लागतोच असे नाही, असे काही संशोधक मानतात. पण घाईने जुनी जखम उकरणे धोक्याचे, हे विसरता कामा नये.

आठवणींवर थेट काम करण्यासाठी आघातकेंद्रित बोधात्मक-वर्तन उपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारे) आणि फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली ‘ईएमडीआर’ (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग) या पद्धती वापरतात. ईएमडीआरमध्ये रुग्ण त्या प्रसंगाचे चित्र मनात धरतो आणि त्याच वेळी तज्ज्ञाच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांकडे पाहतो. डोळ्यांच्या हालचालीने नेमके काय घडते यावर वाद आहे. पद्धतीचा उपयोग होतो याला मात्र पुरावा आहे. संमोहनाने ‘दडलेल्या’ आठवणी बाहेर काढण्याचा मार्ग टाळावा, कारण सूचनांमुळे खोट्या आठवणीही तयार होतात.

भारतात केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या, १३ राज्यांतील पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. ती मुले आज प्रौढ आहेत. ‘झालं गेलं विसरून जा, शेवटी वडीलच ते’ हा घरचा सल्ला त्यांना गप्प करतो. उपचारात माफ करण्याची किंवा संबंध ठेवण्याची अट नसते. तो निर्णय रुग्णाचाच. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य समुपदेशन मिळते. दीर्घ उपचारांसाठी मात्र आघातकामाचे प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञच शोधावा लागतो, आणि असे तज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर फार थोडे आहेत.