पडदा की फासळी? लाकडी जहाजाच्या मॉडेलचे दोन सांगाडे

काचेच्या पेटीत दोन जुनी शिडाची जहाजं शेजारी शेजारी ठेवली आहेत असं समजा. दोन्हींची अंगं फळ्यांनी पूर्ण मढवलेली, वर डोलकाठ्या, दोरखंड, बाजूंना तोफांच्या खिडक्या. एक ‘प्लँक ऑन बल्कहेड’ पद्धतीचं, दुसरं ‘प्लँक ऑन फ्रेम’. फळ्या नीट बसल्या असतील तर कुठलं कोणतं हे बाहेरून कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळेच या दोन नावांची सतत सरमिसळ होते. नवीन माणूस विचारतो, “दोन्हींत आत फासळ्याच ना?” तसं नाही. एकात फासळ्या असतात, दुसऱ्यात फासळ्यांच्या जागी पडदे. आणि तयार किट न घेता नकाशावरून, स्वतः लाकूड कापून जहाज बांधायचं असेल तर हा फरक पहिला तुकडा कापण्याआधी डोक्यात पक्का हवा. नंतर वाट बदलता येत नाही.

आधी बल्कहेड, म्हणजे पडद्यांची पद्धत. प्लायवुडचा एक लांब तुकडा घ्यायचा आणि जहाज बाजूने जसं दिसतं त्या आकारात, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत कापायचा. हा झाला मधला कणा. त्याला ठरावीक अंतरावर वरून खाचा पाडायच्या. आता जहाज आडवं चिरलं तर प्रत्येक कापाचा जो आकार दिसेल, त्या आकाराचा एकेक भरीव पडदा प्लायवुडमधून कापायचा, त्याला खालून खाच द्यायची आणि कण्याच्या खाचेत बसवायचा. लहान जहाजाला दहा-बारा पडदे पुरतात, मोठ्याला वीसच्या आसपास लागतात. त्यांच्यावरून पट्ट्या वाकवून चिकटवल्या की अंग तयार.

फ्रेमच्या, म्हणजे फासळ्यांच्या पद्धतीत कणा घन लाकडाचा असतो आणि त्यावर एकामागून एक फासळ्या उभ्या राहतात. फासळी मधे मोकळी, जहाजाच्या मध्याजवळ इंग्रजी यू अक्षरासारखी आणि टोकांकडे व्हीसारखी होत जाणारी. या वीस नसतात. मध्यम आकाराच्या युद्धनौकेलाही पन्नास-साठ सहज होतात. प्रत्येक फासळी एका तुकड्याची नसते, अनेक छोटे वाकडे तुकडे जोडून ती होते. बहुतेक वेळा तुकड्यांचे दोन थर पाठीला पाठ लावून, एका थरातला सांधा दुसऱ्या थरातल्या तुकड्याच्या मधोमध येईल अशा बेताने.

माझ्या मते खरा फरक असा आहे: पडदा जहाजाचा आकार धरून ठेवतो, फासळी मात्र स्वतःच जहाज असते. खऱ्या जहाजात मॉडेलच्या या पडद्यांसारखं काहीच नव्हतं. इथे ‘बल्कहेड’ या शब्दानेही घोळ घातला आहे. खऱ्या जहाजात बल्कहेड म्हणजे दोन खोल्यांमधली आडभिंत, तर मॉडेलमध्ये तो फक्त साचा आहे. फळ्या बसल्या की त्याचं काम संपतं. फासळ्यांचं मात्र सगळं खरं होतं. ‘व्हिक्टरी’ या प्रसिद्ध ब्रिटिश युद्धनौकेचा कणा १७५९ मध्ये इंग्लंडमधल्या चॅथमच्या गोदीत घातला गेला आणि ती पाण्यात उतरली १७६५ मध्ये. मधली काही वर्षं तिचा ओकच्या फासळ्यांचा सांगाडा लाकूड मुरावं म्हणून तसाच उभा ठेवला होता. अंगावर फळ्या नसतानाही ते जहाजच होतं. फासळ्यांचं मॉडेल बांधणारा माणूस हाच क्रम पुन्हा जगतो, म्हणून त्या पद्धतीबद्दल मला जास्त ओढ आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता फासळी इतक्या तुकड्यांची का? एका रुंद फळीतून अख्खा यू कापला तर काय बिघडतं? उत्तर लाकडाच्या रेषांमध्ये आहे. लाकूड रेषांच्या दिशेने बळकट असतं, रेषांना आडवं कमकुवत. एका फळीतून यू कापला तर तळाशी रेषा वळणाच्या बरोबर जातील, पण बाजू वर चढतात तिथे त्या आडव्या पडतील आणि फासळी बोटाच्या दाबानेही तिथेच मोडेल. म्हणून वळणाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात रेषा वळणाच्या जवळपास समांतर ठेवायच्या. खऱ्या गोदीतले सुतारही मुळातच वाकड्या वाढलेल्या फांद्या आणि बुंधे शोधून फासळ्यांसाठी राखून ठेवत, ते याच कारणाने. पडद्याला ही अडचण नाही. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते कुठल्याही दिशेने सारखंच टिकतं. तीन ते पाच मिलिमीटरचं चांगलं प्लाय घेतलं की झालं. एकच काळजी: कण्याचं प्लाय सपाट असलं पाहिजे. त्याला पीळ असेल तर पुढे डोलकाठ्यासुद्धा एका रेषेत उभ्या राहणार नाहीत. कापण्याआधी ते काचेवर ठेवून बघावं, आणि पडदे बसवताना प्रत्येकाला गुण्या लावून काटकोन तपासावा.

लाकूड निवडतानाही दोन्ही पद्धती वेगळं मागतात. खरं जहाज ओकचं होतं म्हणून मॉडेलही ओकचं करावं असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. पण ओकची छिद्रं आणि रेषा मोठ्या असतात. १:४८ प्रमाणात, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्याएवढं असताना, ते लाकूड अवाढव्य झाडातून कापल्यासारखं दिसतं. जुने कारागीर म्हणून पेअर आणि बॉक्सवुडसारखी घट्ट, बारीक रेषांची लाकडं वापरत. फासळ्या उघड्या राहणार असतील तर हा खर्च करावाच लागतो. पडद्यांवर मात्र सगळं झाकलं जाणार, त्यामुळे चांगलं लाकूड फक्त बाहेरच्या थराला पुरतं. आत लिंडन या मऊ लाकडाच्या दीड मिलिमीटरच्या पट्ट्या, वर अर्ध्या मिलिमीटरचा अक्रोडाचा किंवा पेअरचा थर.

नकाशा वाचताना चूक होते ती इथेच. जहाजाच्या आराखड्यात एक आकृती समोरून आणि मागून बघितल्यासारखी असते, तिच्यात ठरावीक जागांच्या छेदरेषा काढलेल्या असतात. ब्रिटिश नौदलाच्या जुन्या आराखड्यांत या रेषा फासळीच्या बाहेरच्या कडेच्या, म्हणजे फळीच्या आतल्या बाजूच्या असतात. काही आधुनिक आराखडे फळीसकट बाहेरचा आकार दाखवतात. तो पडदा तसाच्या तसा कापला आणि वर दोन मिलिमीटर लाकूड चढवलं तर जहाज दोन्ही बाजू मिळून चार मिलिमीटरने फुगतं. १:४८ ला हे खऱ्या जहाजाचे जवळपास १९ सेंटिमीटर झाले. म्हणून रेषा आतली की बाहेरची हे आधी ठरवा. बाहेरची असेल तर फळीची जाडी सगळ्या बाजूंनी वजा करा.

फासळ्यांसाठी एवढ्याने भागत नाही. आराखड्यात वीस-पंचवीस छेद असतात आणि फासळ्या साठ. मधल्या फासळ्यांचे आकार स्वतः काढावे लागतात, वरून दिसणाऱ्या आकृतीतली रुंदी प्रत्येक उंचीला मोजून. हे काम फार शांतपणे करावं लागतं. मला ते बांधकामाइतकंच आवडतं, कारण त्यात जहाजाचं पोट कुठे भरतं आणि कुठे निमुळतं होतं हे हाताला कळतं. शिवाय नाळेजवळच्या आणि पिछाडीच्या फासळ्या खऱ्या जहाजात कण्याशी काटकोनात नसत, टोकांकडे तिरप्या होत जात. तिथे जहाजाचं अंग इतकं वळतं की काटकोनातली फासळी फळीला नुसत्या धारेने भिडली असती. पडद्यांच्या पद्धतीत सगळे पडदे काटकोनातच असतात, म्हणून नाळेपाशी ती पद्धत उघडी पडते.

माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये, एका दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरमध्ये, हेच झालं. नाळेजवळचे शेवटचे दोन पडदे आणि कण्याचं टोक यांच्यात बरंच अंतर होतं. पट्ट्या तिथे वळण घेण्याऐवजी एका पडद्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ गेल्या आणि मधे खळगे पडले. पॉलिश पेपरने घासत बसलो तर पडद्यांवरची पट्टी इतकी पातळ झाली की खालचं प्लाय दिसायला लागलं. सगळ्या पट्ट्या काढल्या. मग त्या फटींत मऊ लाकडाचे ठोकळे भरले, ते पडद्यांच्या कडेच्या रेषेत घासून नाळेचा पूर्ण आकार लाकडात आणला, आणि पुन्हा पट्ट्या चढवल्या. तेव्हापासून पुढच्या आणि मागच्या टोकाला ठोकळे भरल्याशिवाय मी पट्टीला हात लावत नाही.

कडांना उतार देणं दोन्हींकडे लागतं. जहाजाच्या पुढच्या अर्ध्यात पडद्याची पुढची कड घासायची, मागच्या अर्ध्यात मागची, आणि मध्याजवळ जवळजवळ काहीच नाही. एक लवचिक पट्टी चार-पाच पडद्यांवरून धरून बघायची. ती प्रत्येकावर पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. फासळ्यांना हाच उतार बाहेरून द्यायचा आणि आतूनही, कारण आतल्या बाजूलाही फळ्या येणार असतात. काम दुप्पट नाही, चौपट होतं. आणि फासळी नाजूक असल्यामुळे कानस जपून चालवावी लागते.

इतक्या फासळ्या सरळ उभ्या कशा ठेवायच्या? अमेरिकेतले मॉडेलकार हॅरोल्ड हान यांनी त्यासाठी एक युक्ती रुळवली. प्रत्येक फासळीची वरची टोकं मुद्दाम लांब ठेवायची, सगळ्या एकाच उंचीला येतील इतकी. मग एका सपाट फळीवर खाचा पाडून फासळ्या त्यात उलट्या, तळ वर करून बसवायच्या. कणा वरून बसतो. सगळं पक्कं झालं की जहाज सरळ करायचं आणि जादा टोकं कापून टाकायची. तुकड्यांचं चिकटवणंही ते आधीच उरकत: घोड्याच्या नालाच्या आकाराचा एक जाड सांधलेला तुकडा तयार करायचा, त्यावर आराखडा चिकटवायचा आणि मग फासळी कापायची.

आणखी एक गैरसमज मोठा आहे. फासळ्या दिसतात म्हणजे जहाज खऱ्यासारखं, असं लोक धरून चालतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नौदलासाठी जी मॉडेल्स बांधली गेली, ज्यांतली पुष्कळशी लंडनमधल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाच्या संग्रहात आणि अनापोलिसच्या अमेरिकन नौदल अकादमीत आहेत, त्यांच्या खालच्या भागाला फळ्या नाहीत. आत बघता यावं म्हणून फासळ्या उघड्या ठेवल्या आहेत. पण त्या फासळ्यांची मांडणी खऱ्या गोदीतल्यासारखी नाही. तळाचे तुकडे आणि बाजूचे तुकडे आलटून पालटून अशा सुबक पट्ट्यांत बसवले आहेत की मधे सारख्या फटी राहतात. खऱ्या युद्धनौकेच्या फासळ्या इतक्या जवळ असत की बाहेरून ती जवळजवळ सलग लाकडी भिंतच दिसे. तेव्हा फासळ्यांचं मॉडेल करायचं असेल तरी कोणत्या फासळ्या, खऱ्या मांडणीच्या की या सुबक शैलीच्या, हा दुसरा प्रश्न उरतोच. मला ती शैली देखणी वाटते, पण तिला खऱ्या जहाजाची नक्कल म्हणू नये.

किटच्या बाबतीतही असंच. बहुतेक लाकडी किटमध्ये पडदे असतात, त्यामुळे पडदे म्हणजे किट आणि फासळ्या म्हणजे स्वतःचं काम अशी समजूत झाली आहे. फासळ्यांचे किटही मिळतात. आणि स्वतः आराखड्यावरून पडदे कापले तर ते पूर्णपणे स्वतःचंच जहाज आहे, त्यात कमीपणा काही नाही.

काय निवडावं हे शेवटी काय दिसणार यावर आहे. सगळं अंग मढवायचं, डेक पूर्ण घालायचा, तोफांच्या खिडक्या बंद किंवा आत अंधार ठेवायचा, तर पडदेच घ्या. एवढं मात्र बघा की खिडकी दोन पडद्यांच्या मधे येईल, पडद्यावर नाही. डेकच्या वर येणारी पडद्यांची जाड टोकंही नंतर काढून तिथे बारीक खांब बसवावे लागतात, नाहीतर जहाजाचा कठडा बेढब जाड होतो. एका बाजूला फळ्या सोडून आतले डेक, तुळया, पाण्याचे पिंप दाखवायचे असतील तर फासळ्यांना पर्याय नाही. फळ्या आणि फासळ्या जोडणारे लाकडी खिळेही मग दिसणार. खरा सव्वा इंच जाडीचा खिळा १:४८ ला ०.६६ मिलिमीटरचा होतो, आणि तो बांबूची काडी भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून हाताने करावा लागतो. असे शेकडो.

पहिलं जहाज असेल तर माझा सल्ला पडद्यांचाच. फळी वाकवणं, नाळेकडे निमुळती करणं, दोन फळ्यांची धार जुळवणं ही विद्या दोन्हींकडे एकच आहे आणि ती पडद्यांवर स्वस्तात शिकता येते. तरीही फासळ्यांचीच ओढ असेल तर सगळं लाकूड आणायच्या आधी उरल्यासुरल्या तुकड्यांतून पोटाच्या मध्यावरची एकच फासळी करा. तुकडे कापा, दोन थर चिकटवा, आकार काढा, आतून-बाहेरून घासा. किती तास गेले ते लिहून ठेवा. मग त्या आकड्याला साठने गुणा आणि टोकांकडच्या तिरप्या फासळ्यांसाठी थोडं वाढवा.