बियांचे हरित निष्कर्षण (विदर्भ)

फळांच्या बियांमधील उपयोगी घटक माणसाला, मातीला व पाण्याला कमीत कमी अपाय करणाऱ्या विद्रावकाने (घटक विरघळवून घेणाऱ्या पदार्थाने) वेगळे काढण्याची पद्धत. पाणी, इथेनॉल, मोठ्या दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड हे असे विद्रावक. सोयाबीनचे तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमधले हेक्झेन त्यांत बसत नाही. ते पेट्रोलियमपासून मिळते, चटकन पेट घेते आणि त्याची वाफ सतत श्वासात गेली तर मज्जातंतूंना इजा होते.

नाव नवे असले तरी विदर्भातल्या शेतकऱ्याला हे काम नवे नाही. कपाशीवर फवारायचा पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे हेच. मृगाच्या आगेमागे झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर चोळून धुऊन बिया सावलीत वाळवतात. ओलसर पोत्यात भरून ठेवल्या की बुरशी धरलीच म्हणून समजावे. 5 किलो बिया कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या आणि 200 ग्रॅम साबणाचे पाणी मिसळून एकूण द्रावण 100 लिटर करायचे. गाळताना दुधासारखे पांढरट पाणी उतरते आणि लसणासारखा उग्र वास हाताला दिवसभर राहतो. साबणामुळे बियांतले तेल पाण्यात मिसळून राहते व द्रावण पानावर पसरते.

यातला मुख्य घटक अझाडिरेक्टिन. त्यामुळे अळी पान खाईनाशी होते, तिची कात नीट पडत नाही. 1968 मध्ये तो प्रथम वेगळा केला गेला. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा की प्रयोगशाळेत तो पूर्ण घडवायला 2007 साल उजाडले. बादलीतले पाणी मात्र तो एका रात्रीत बाहेर काढते. उन्हात तो लवकर विघटित होतो, म्हणून अर्क त्याच दिवशी, संध्याकाळी फवारावा.

वरूड, मोर्शी, काटोल भागातल्या संत्र्याच्या बियांत अझाडिरेक्टिनच्याच कुळातले, म्हणजे लिमोनॉइड गटातले, लिमोनिन असते. काढून ठेवलेला संत्र्याचा रस काही वेळाने कडवट लागतो, तो याच्यामुळेच. मात्र लिमोनिन पाण्यात फारसे विरघळत नाही. आधी बियांचे तेल काढून उरलेली पूड इथेनॉलमध्ये भिजवावी लागते. ते इथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवून पुन्हा वापरता येते. विद्रावक म्हणून वापरायचा तर कार्बन डायऑक्साइडला 31 अंश सेल्सिअस तापमान व सुमारे 74 बार दाब ओलांडावा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापमानाचा प्रश्नच नाही, पण तो दाब पेलणारी यंत्रे महाग असतात. गावपातळीवर पाणी आणि इथेनॉल हेच खरे जमणारे मार्ग आहेत.

विद्रावक निर्धोक आहे म्हणून अर्कही निर्धोक, असे धरून चालू नये. सीताफळाच्या बियांतले घटक कीटकांना मारक आहेत, तसेच डोळ्यांनाही घातक आहेत. उवांसाठी केसांना लावलेली ही पूड डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते. अशा वेळी डोळा भरपूर पाण्याने धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.