डबा आधी, बोर्ड नंतर : घरगुती पीसीबीसाठी रसायन आणि डबा घेताना

ग्राहक बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या बुधवार पेठेतील आमच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी एक प्रसंग हमखास घडतो. एखादे ग्राहक पिशवीतून स्वतः तयार केलेला पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेघांनी सुटे भाग जोडणारा सर्किट बोर्ड, काढतात. रेघा स्वच्छ उतरलेल्या असतात, सुटे भाग ओळीत बसवलेले असतात, डाग देण्यातही (सोल्डरिंगमध्ये) कुठे घाई दिसत नाही. मग ते विचारतात, "याला बसेल असा डबा आहे का?" बोर्डाची लांबी १०७ मिलिमीटर भरते, आमच्याकडील डब्याची आतली लांबी १०० असते आणि त्याच्या पुढच्या मापाच्या डब्यात तोच बोर्ड खुळखुळतो. त्यामुळे आम्ही आता प्रत्येक नव्या ग्राहकाला आधी डबा दाखवतो, त्याचे आतले माप लिहून देतो आणि मगच कॉपर क्लॅड शीट (तांब्याचा पातळ थर असलेली पाटी) व रसायन यांच्याकडे वळतो. तोंडी सांगताना काही गोष्टी सुटतात, म्हणून हे पत्रक छापले आहे.

डब्याविषयी

डब्यावर किंवा यादीत छापलेले माप बहुतेक वेळा बाहेरचे असते. भिंतीची जाडी दोन्ही बाजूंनी वजा करावी लागते आणि झाकणाचे स्क्रू ज्या खांबांत शिरतात ते कोपऱ्यांतील खांबही जागा खातात, म्हणून चौकोनी बोर्ड डब्यात पूर्ण टेकत नाही. त्याचे चारही कोपरे छाटलेले आराखड्यातच दाखवावेत. उंचीचा हिशेब त्याहून जास्त वेळा चुकतो. समजा, नेहमीचा निळा रिले (विजेने चालणारा स्विच) सुमारे १५.५ मिलिमीटर उंच आहे, बोर्ड १.६ मिलिमीटर जाड आहे आणि त्याखालचे स्पेसर (टेकू) ६ मिलिमीटरचे आहेत, तर २३ मिलिमीटर तिथेच संपले. त्यावर झाकणाला लावलेल्या स्विचची मागची बाजू आणि तिच्या तारा यायच्या असतात. म्हणून सर्वांत उंच भाग झाकणावरील स्विचच्या बरोबर खाली येणार नाही, हे कागदावर डब्याची रेघ आखूनच पाहावे.

डबा कशाचा घ्यावा, हे तो कुठे राहणार यावर ठरते. घरात टेबलावर ठेवायच्या, बॅटरीवर किंवा अ‍ॅडॉप्टरवर चालणाऱ्या प्रकल्पाला एबीएस प्लॅस्टिकचा साधा डबा पुरतो. तो स्वस्त असतो, हाताच्या ड्रिलने सहज भोके पाडता येतात आणि कानशीने भोक वाढवताना तडकत नाही. अ‍ॅक्रिलिक दिसायला देखणे असते, परंतु कडेजवळ भोक पाडताना ते फार लवकर तडकते. हाच एबीएसचा डबा गच्चीवर उन्हात लावला तर तो पिवळा पडतो आणि काही काळाने ठिसूळ होतो, म्हणून उघड्यावर लावण्यासाठी उन्हाला टिकणारा पॉलिकार्बोनेटचा डबा घ्यावा. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापलेला डबा साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ होतो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तो ठेवायचा असेल, आणि त्यातून ती मोटार मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे फिरणार असेल, तर पीईटीजी किंवा एबीएस या प्लॅस्टिकमध्ये छापून घेणे बरे.

पत्र्याचा डबा मजबूत असतो आणि ट्रान्सफॉर्मरचे वजन तो सहज पेलतो, पण त्याच्या दोन अटी आहेत. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा आत जाणार असेल, तर डब्याला अर्थिंग केलेच पाहिजे आणि अर्थच्या बोल्टाखालील पावडर कोटिंग खरवडून, दातेरी वॉशर घालून जोड पक्का केला पाहिजे. रंगावर आवळलेला बोल्ट म्हणजे अर्थिंग नव्हे. दुसरी अट रेडिओची. ईएसपी ३२ सारखे वाय-फायचे मॉड्यूल बंद पत्र्याच्या डब्यात घातले की सिग्नल आत-बाहेर जात नाही. "मॉड्यूल खराब आहे" अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांना आम्ही आधी झाकण उघडून तपासायला सांगतो, आणि बरेचदा तिथेच काम होते.

कोकणात किंवा गोव्यात लावायच्या उपकरणासाठी आयपी ६५ असे चिन्ह असलेला डबा अनेकजण मागतात. या आकड्यातील ६ म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि ५ म्हणजे सर्व बाजूंनी येणाऱ्या पाण्याच्या झोतापासून संरक्षण. पाण्यात बुडवून ठेवण्याची हमी त्यात नाही. हे चिन्ह कोऱ्या डब्याचे असते, हेही लक्षात घ्यावे. आपण त्याला भोक पाडून साधी वायर आत सोडली की ते संरक्षण संपले. तिथे केबल ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट आवळून भोक बंद करणारी नळीच लागते. पीजी ७ ही ग्लँड साधारण ३ ते ६.५ मिलिमीटर जाडीच्या गोल केबलला बसते, चपट्या किंवा दोन-तीन सुट्या वायरींना ती नीट आवळत नाही. केबल डब्याच्या वरून न आणता खालच्या बाजूने आणावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला एक खोलगट झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोलाच्या तळातून गळून जाते. दमट हवेत डबा बंद केला तर तीच हवा रात्री गार होऊन आत दव धरते, म्हणून बोर्ड तयार झाल्यावर डाग दिलेल्या बाजूवर वॉर्निश किंवा कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओलावा रोखणाऱ्या पातळ लेपाचा) हात द्यावा.

आमच्याकडे डबा मिळाला नाही, तर विजेच्या सामानाच्या दुकानांतील पीव्हीसी जंक्शन बॉक्स पाहावेत. तपकीर गल्लीत ते अनेक मापांत मिळतात. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर तयार डब्यांची निवड आमच्यापेक्षा मोठी मिळेल, हे सांगण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. पत्र्याचा एकच डबा मापाने बनवून घेण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. एका नगासाठी यंत्र लावणे फॅब्रिकेटरला परवडत नाही आणि त्याने सांगितलेली किंमत ऐकणाऱ्याला परवडत नाही. पहिल्या प्रयोगाला साबणाची डबी आजही उत्तम.

एचिंगच्या रसायनाविषयी

डब्याचे माप हाती आले, आराखडा त्यात बसला, की मग एचिंगच्या, म्हणजे शीटवरील नको ते तांबे विरघळवून फक्त रेघा ठेवण्याच्या, रसायनाचा विचार करावा. आम्ही फेरिक क्लोराईड विकतो आणि नवशिक्यांना तेच सुचवतो. ते बाजारात तीन रूपांत मिळते. पहिले पिवळट-तपकिरी ढेकळांचे, ज्यात स्फटिकजल असते. दुसरे काळपट, चकाकणारे, निर्जल. तिसरे तयार द्रावण. निर्जल प्रकार पाण्यात पडताच जोरात तापतो, उसळतो आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या झोंबणाऱ्या वाफा येतात. एखादे पाकीट स्वस्त मिळाले म्हणून आणले आणि ते निर्जल निघाले, असे होऊ शकते. म्हणून पाकिटावरील नाव वाचावे आणि रंग पाहावा. कोणताही प्रकार असला, तरी थंड पाण्यात पूड थोडी थोडी घालावी. पुडीवर पाणी कधीही ओतू नये.

किती घ्यावे, याचा हिशेब सोपा आहे. नेहमीच्या शीटवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे १० बाय १५ सेंटिमीटरच्या एका बाजूच्या शीटवर साधारण ४.७ ग्रॅम तांबे. त्यातील निम्मे काढायचे असेल, तर सव्वादोन-अडीच ग्रॅम. एक ग्रॅम तांबे विरघळवायला स्फटिकजलयुक्त फेरिक क्लोराईड कागदोपत्री साडेआठ ग्रॅम लागते. या हिशेबाने २५० ग्रॅमच्या पाकिटात असे बारा बोर्ड व्हायला हवेत, पण द्रावण जसजसे थकते तसतसे काम रेंगाळते आणि कडा खालून कुरतडल्या जातात, म्हणून प्रत्यक्षात पाच-सहा बोर्ड धरावेत. वर्षाकाठी चार-सहा बोर्ड करणाऱ्या हौशी माणसाला एवढे एक पाकीट पुरते. एक किलो स्वस्त पडते हे खरे, पण पाकीट एकदा उघडले की ते हवेतील ओलावा ओढून पाझरू लागते. आराखड्यात रिकाम्या जागेतील तांबे न काढता ते ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची जोडणी) म्हणून ठेवले, तर रसायनही वाचते आणि वेळही.

एका पाकिटाला साधारण अर्धा लिटर पाणी घ्यावे. द्रावण ४० ते ५० अंशांपर्यंत कोमट असले आणि भांडे हलवत राहिले, तर दहा ते वीस मिनिटांत काम होते. भांडे थेट शेगडीवर न ठेवता गरम पाण्याच्या परातीत ठेवून कोमट करावे. लहान बोर्ड तांब्याची बाजू खाली करून द्रावणावर अलगद तरंगत सोडला, तर सुटणारा गाळ आपोआप तळाशी जातो. मात्र खाली हवेचा बुडबुडा अडकला की तिथे तांब्याचा गोल डाग शिल्लक राहतो. भांडे प्लॅस्टिकचे किंवा काचेचेच घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यावर हे द्रावण अक्षरशः तुटून पडते, ते तापते आणि त्यातून हायड्रोजन निघतो. स्टीलच्या सिंकलाही खड्डे पडतात. ओट्यावर किंवा कपड्यावर सांडले तर गंजासारखा डाग राहतो. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. डोळ्यात उडाल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

साठवणुकीविषयी आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बरणीचे झाकण सैल राहिले आणि त्याच कपाटातील नव्या कटर-पक्कडींना महिन्याभरात गंज चढला. तेव्हापासून रसायन एका खोलीत आणि हत्यारे व पत्र्याचे डबे दुसऱ्या खोलीत असतात. घरीही तसेच ठेवावे. मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, नाव लिहिलेल्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत. शीतपेयाच्या बाटलीत ते भरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे, कारण पातळ केलेल्या द्रावणाचा रंग कोऱ्या चहासारखाच दिसतो.

इतर पर्यायांपैकी सोडियम परसल्फेट स्वच्छ असते. त्याचे द्रावण पारदर्शक राहते, तांबे विरघळेल तसे निळे होत जाते आणि काम डोळ्यांना दिसते. मात्र ते ४०-४५ अंशांवर राखावे लागते, तयार द्रावण फार दिवस टिकत नाही, आणि त्यातून वायू सुटत असल्याने बाटली घट्ट बंद केली तर ती फुगून फुटू शकते. औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साईड, वाणसामानाच्या दुकानातील सायट्रिक आम्ल आणि चिमूटभर मीठ यांचे मिश्रणही चालते. एखाद्या छोट्या बोर्डासाठी ते ठीक आहे, परंतु ते सावकाश काम करते आणि उरलेले द्रावण तांब्यामुळे तितकेच विषारी असते. "स्वयंपाकघरातील पदार्थ" असल्यामुळे ते मोरीत ओतायला हरकत नाही, हा समज चुकीचा आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साईडची जोडी सर्वांत वेगवान, पण तिच्या वाफा फ्लॅटच्या बाल्कनीत सांभाळण्यासारख्या नाहीत. आम्लाच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये निर्बंध घातले. विक्रेत्याला खरेदीदाराची नोंद आणि ओळखपत्र घ्यावे लागते व अठरा वर्षांखालील व्यक्तीला विकता येत नाही. आमच्याकडे येणारे निम्मे ग्राहक महाविद्यालयीन आणि शाळकरी असल्याने आम्ही आम्ल ठेवतच नाही.

नेणे आणि टाकणे

फेरिक क्लोराईड वाहतुकीच्या वर्गीकरणात क्षरणकारी (धातू व कातडी खाणारा) पदार्थ म्हणून गणले जाते. त्यामुळे ते आम्ही टपालाने किंवा विमानाने जाणाऱ्या कुरियरने पाठवत नाही, आणि "पावतीवर दुसरे काही लिहून पाठवा" ही विनंतीही कृपया करू नये. रेल्वेने प्रवास करताना असे पदार्थ सामानात नेणे हा रेल्वे अधिनियम १९८९ नुसार गुन्हा आहे. सातारा, नगर, सोलापूर येथील ग्राहकांनी आपल्या गावातील प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात आधी चौकशी करावी. शाळा-महाविद्यालयांना पुरवठा करणाऱ्यांकडे ते बहुधा मिळते. डबे आणि शीट मात्र आम्ही कुठेही पाठवू.

वापरलेले द्रावण हिरवट-काळे होते आणि एका बोर्डाला पाऊण तास लागू लागला की ते संपले असे समजावे. त्यात आता विरघळलेले तांबे असते, जे मासे आणि पाण्यातील इतर जिवांना फार थोड्या प्रमाणातही घातक ठरते. म्हणून ते मोरीत, गटारात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये. त्यात लोखंडी खिळे टाकल्यास त्यांच्यावर तांबे जमू लागते. मुलांना दाखवायला हा प्रयोग छान आहे, पण त्याने द्रावण निर्धोक होत नाही. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी अधिकृत केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे आहेत, परंतु त्यांचा व्यवहार कारखान्यांशी असतो. अर्धा लिटरची बाटली घेऊन आपण तिथे जाणार नाही. त्यामुळे आमच्याकडून घेतलेल्या रसायनाचे वापरलेले द्रावण घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, नाव लिहून, आम्हाला परत आणून द्यावे. त्याचे पैसे आम्ही घेत नाही. ते आम्ही भोसरीतील एका पीसीबी उत्पादकाकडे पोहोचवतो, ज्यांच्याकडे प्रक्रियेची स्वतःची सोय आहे. बाहेरगावच्या ग्राहकांनी मोठ्या बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा घालून, फेस येणे थांबेपर्यंत ते उदासीन करावे, खाली बसलेला गाळ गाळून वाळवावा आणि सिमेंटमध्ये कालवून घट्ट झाल्यावर घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. गाळून उरलेल्या पाण्यातही थोडे तांबे शिल्लक असते. ते उघड्या प्लॅस्टिकच्या घमेल्यात वाळू द्यावे आणि उरलेला थर त्याच सिमेंटमध्ये मिसळावा.

दोन बाजूंचा, बारीक रेघांचा किंवा दहाहून अधिक नगांचा बोर्ड असेल तर घरी एचिंग न करता तो कारखान्यातून करून घ्यावा, असे आम्ही रसायन विकत असूनही सांगतो. एका दिवसात तपासून पाहायच्या एकेरी बोर्डासाठी मात्र घरच्या भांड्याला तोड नाही.

भोक न पाडलेला डबा पावतीसह आठ दिवसांत बदलून मिळेल. उघडलेले रसायन परत घेतले जाणार नाही. बोर्डाचा आराखडा कागदावर खऱ्या मापात छापून आणल्यास तो डब्यात ठेवून पाहण्याची सोय काउंटरवर आहे. त्यासाठी शनिवारची संध्याकाळ टाळून इतर दिवशी सकाळी यावे, म्हणजे नीट वेळ देता येईल.