थर्माकोल गिळणारं रेझिन आणि न गिळणारं

फ्रिजच्या खोक्यातले थर्माकोलचे तुकडे एकमेकांना चिकटवून, कापून, घासून मी गो-कार्टच्या, म्हणजे छोट्या उघड्या शर्यती गाडीच्या, सीटचा आकार केला होता. त्यात दोन सुट्ट्या गेल्या. वर काचतंतूची मॅट अंथरली, ब्रशने रेझिन जिरवलं आणि पाच मिनिटांत सीट बसली. मी सीटवर नव्हे, सीटच खाली बसली. मॅटखाली थर्माकोलचा लगदा होत चालला होता. ज्या मित्राचं बघून हे करायला घेतलं त्याने असाच थर्माकोल वापरला होता आणि त्याची सीट झकास झाली होती. त्याच्या डब्यात इपॉक्सी होतं, माझ्या डब्यात पॉलिएस्टर, फरक एवढाच. आम्ही दोघेही आपापल्या डब्याला ‘रेझिन’ म्हणत होतो आणि सोबतच्या बाटलीला ‘हार्डनर’.

घरी फायबरचं काम करणाऱ्यांचा निम्मा गोंधळ या दोन शब्दांतूनच निघतो. दोन्ही द्रव मधासारखे दाट, दोन्हींसोबत छोटी बाटली, दोन्ही काचेच्या कापडात मुरवायचे, दोन्ही वाळून टणक होतात. खरं तर ‘वाळतात’ हा शब्दही चूक आहे. त्यातून पाण्यासारखं काही उडून जाऊन ती टणक होत नाहीत. आत रासायनिक क्रिया घडते म्हणून होतात, आणि ती क्रिया दोन्हींत अगदी वेगळी आहे.

पॉलिएस्टरच्या डब्यात पॉलिएस्टरच्या साखळ्या स्टायरिन नावाच्या पातळ द्रवात विरघळवलेल्या असतात. डब्यातला सुमारे ३५ ते ४५ टक्के भाग स्टायरिनच. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन, म्हणजे त्याच स्टायरिनचं घन रूप. ते त्यात विरघळणारच. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, म्हणून थर्माकोलला काही होत नाही. फोमच वापरायचा आणि हातात पॉलिएस्टर आहे, तर पॉलियुरेथेनचा फोम चालतो. जुन्या गाद्यांतला मऊ नव्हे, कडक पिवळसर असतो तो.

आता त्या बाटलीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

पॉलिएस्टरच्या बाटलीत मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड असतं. बोलताना सगळे एमईकेपी म्हणतात. प्रमाण १ ते २ टक्के, म्हणजे किलोभर रेझिनला १० ते २० ग्रॅम. हे लाकडाच्या ढिगाला काडी लावण्यासारखं आहे. काडी स्वतः जळण नाही. ती फक्त सुरुवात करून देते, पुढचं काम ढीग आपलं आपण करतो. म्हणून उकाड्यात प्रमाण थोडं कमी आणि गारठ्यात थोडं जास्त, असा हात राखता येतो. मात्र १ टक्क्याच्या बरंच खाली गेलं तर ढीग धुमसत राहतो, नीट पेटत नाही.

इपॉक्सीचा हार्डनर म्हणजे काडी नव्हे. तिथे काज आणि गुंडीचा हिशेब असतो. रेझिनच्या ठरावीक काजांना हार्डनरच्या तेवढ्याच गुंड्या लागतात. जास्त झाल्या तरी लोंबकळतात आणि कमी पडल्या तरी सदरा उघडा राहतो. कुठल्या इपॉक्सीला ५ भागांस १, कुठल्याला ३ भागांस १, तर कुठल्याला २ भागांस १ असं डब्यावर लिहिलेलं असतं, आणि ते वजनाने आहे की मापाने हेही लिहिलेलं असतं. ते वाचायचंच. हार्डनर बहुधा रेझिनपेक्षा हलका असल्यामुळे मापाचं २ ला १ वजनकाट्यावर २ ला १ येत नाही.

पॉलिएस्टरवर हात बसलेला माणूस थंडीत इपॉक्सी लावताना सवयीने हार्डनर वाढवतो. लवकर तर होत नाहीच, उलट महिनाभराने नख रोवलं तरी रुततं, असा रबरी थर कायमचा राहतो. तो खरवडून काढण्याशिवाय इलाज नाही. उलट इपॉक्सीची सवय असलेल्याने पॉलिएस्टरमध्ये पाचास एक एमईकेपी ओतलं, तर मिश्रण डोळ्यांदेखत तापतं, धुरकटतं आणि तडकतं. इपॉक्सीही कपात भरपूर कालवून तसंच ठेवलं तर तापून धुमसतं, म्हणून कालवलेलं मिश्रण उथळ ताटलीत पसरून वापरावं.

एक गोष्ट मात्र गंमतीवारी नेण्यासारखी नाही. पॉलिएस्टरला क्रिया सुरू व्हायला कोबाल्टचा क्षारही लागतो. पुष्कळ डब्यांत तो आधीच घातलेला असतो. वेगळा मिळाला असेल, तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा आणि मगच एमईकेपी घालायचं. कोबाल्ट आणि एमईकेपी थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. बाटली उघडण्याआधी डोळे झाकणारा सुरक्षा चष्मा.

काचेचं कापड दोघांचं वेगळं असतं, हेही उशिरा कळतं. मॅटमधले तुकडे-तुकडे तंतू एका बाइंडरने, म्हणजे चिकट पदार्थाने, धरून ठेवलेले असतात. तो बाइंडर स्टायरिनमध्ये विरघळतो, मॅट लोळागोळा होते आणि साच्याच्या कोपऱ्यात नीट बसते. इपॉक्सीत तो विरघळत नाही. मॅट कडक राहते, कोपऱ्यातून उसळी मारते आणि आत पांढरे कोरडे डाग उरतात. म्हणून इपॉक्सीसोबत विणलेलं कापड घ्यावं, किंवा बाइंडरऐवजी दोऱ्याने शिवलेली मॅट. हिशेबही बदलतो. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट सुमारे किलोभर पॉलिएस्टर पिते आणि जेमतेम मिलिमीटरभर जाडी देते; विणलेलं कापड साधारण स्वतःच्या वजनाइतकंच रेझिन घेतं. त्यामुळे कापड आणि इपॉक्सीचा भाग हलका आणि चिवट होतो. त्यात कौशल्य फार नसतं, काचेचं प्रमाण जास्त असतं इतकंच.

दुसऱ्या दिवशी हात लावावा तर पृष्ठभाग चिकट! इथेही चिकटपणा दोन जातींचा. पॉलिएस्टरच्या उघड्या बाजूला हवेतला ऑक्सिजन क्रिया अडवतो, म्हणून वरचा पापुद्रा ओलसर राहतो. हा दोष नव्हे. पुढचा थर त्यावर छान पकड घेतो, त्यामुळे मधल्या थरांना तसंच सोडावं. शेवटच्या हातात मेण मिसळलेलं रेझिन वापरावं किंवा वर प्लास्टिकचा कागद दाबून बसवावा. इपॉक्सीवर मात्र कधीकधी तेलकट साय येते, दमट हवेत हमखास. ती साबणाशिवाय साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन काढायची, आणि मगच पॉलिश पेपर चालवायचा. आधी घासलं तर साय आणखी आत चोळली जाते आणि वरचा रंग सोलून निघतो.

एवढं कळल्यावर कार्टमध्ये कुठे काय, हे आपसूक ठरत जातं. पहिली गो-कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने बनवली. तिला इंजिन होतं उरल्यासुरल्या मालातलं, गवत कापायच्या यंत्राचं. म्हणजे भंगारातून कार्ट हा शोध आपला नव्हे. तिच्यात स्प्रिंगा नव्हत्या आणि कार्टमध्ये आजही त्या नसतात. पोलादी नळ्यांची चौकट स्वतःच थोडी पिळवटते आणि सस्पेन्शनचं काम करते. सीट त्या चौकटीला तीन-चार ठिकाणी बोल्टने कसलेली, म्हणजे प्रत्येक वळणावर तीही पिळवटते. साधं पॉलिएस्टर दोनेक टक्के ताणलं की तडकतं. इपॉक्सी त्याहून बरंच सोसतं. पॉलिएस्टरच्या सीटला बोल्टच्या भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा पडतात त्या यामुळे. म्हणून नाक, बाजूचे पंख, इंजिनवरचं झाकण असे नुसते दिसायचे भाग पॉलिएस्टरचे. १९५३ च्या शेवरले कॉर्वेटची अख्खी बॉडी पॉलिएस्टर आणि काचतंतूची होती, तेव्हा यात कमीपणा काही नाही. जिथे बोल्ट बसतो, माणूस बसतो किंवा पोलादाला चिकटवायचं आहे, तिथे इपॉक्सी. पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने ५ ते ८ टक्के आकसतं आणि पोलादापासून सुटून येतं. चौकट, स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचे आधार मात्र वेल्डिंगचेच हवेत. तिथे दोन्ही रेझिनं नकोत.

उष्णतेच्या बाबतीत दोघांत फारशी निवड नाही. खोलीच्या तापमानात पक्कं झालेलं साधं रेझिन ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. सायलेन्सरपासून हातभर लांब ठेवावं आणि मधे पत्रा लावावा.

भंगारातला माल वापरताना एक नियम पाठच असावा: पॉलिएस्टरवर इपॉक्सी चिकटतं, इपॉक्सीवर पॉलिएस्टर धड चिकटत नाही. जुन्या होडीचा तुकडा किंवा फायबरच्या टाकीचं झाकण मिळालं तर ते बहुधा पॉलिएस्टरचंच असतं. चकाकी जाऊन पांढुरकं दिसेपर्यंत ग्राइंडरने घासलं की इपॉक्सी त्यावर उत्तम धरतं. उलट, इपॉक्सीत शिल्लक राहिलेला हार्डनर वरच्या पॉलिएस्टरला सेट होऊ देत नाही. म्हणून इपॉक्सीच्या भागावर पॉलिएस्टरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मारायला जाऊ नये, रंग द्यावा. रंग तसाही लागतोच, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं.

कुणाकडे उरलेला डबा मिळाला तर आधी आत बघावं. पॉलिएस्टर काही महिन्यांत बंद डब्यातही आपोआप आळून येतं. तार धरली किंवा जेली झाली की फेकायचं. इपॉक्सी जास्त टिकतं. थंडीत त्यात साखरेसारखे कण झाले तर डबा खराब झाला असं समजू नये. घट्ट झाकण लावून सुमारे ५० अंशांच्या पाण्यात ठेवला की ते पुन्हा नितळ होतं. तरी डबा कुठलाही असो, त्यातलं चमचाभर त्याच्याच हार्डनरसोबत आधी कपात कालवून बघावं.

वासावरून धोका ओळखायला गेलं तर फसगत होते. पॉलिएस्टरचा वास घरभर होतो, त्याची वाफ पेट घेते, म्हणून लोक आपणहून दारं-खिडक्या उघडतात. इपॉक्सीला वास फारसा नसतो आणि तिथेच लोक हातमोजे विसरतात. त्वचेला एकदा इपॉक्सीची ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. अंगाला लागलं तर ॲसिटोन किंवा थिनरने पुसू नये, त्याने ते आणखी आत शिरतं; साबण आणि पाणी. घासताना उडणारी धूळ दोन्हींची वाईट, मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर चालवू नये.

माझ्याकडे पॉलिएस्टर बरंच उरलं होतं, ते टाकवेना. दुसऱ्या वेळी थर्माकोलवर पॅकिंगच्या ब्राउन टेपचे दोन थर दिले. रेझिन टेपला धरत नाही, त्यामुळे सीट सुटूनही येते. वर मॅटचे तीन थर पॉलिएस्टरमध्ये, आणि ते पक्कं झाल्यावर बोल्टांच्या जागी मागून घासून विणलेल्या कापडाचे चार थर इपॉक्सीमध्ये. चिरा अजून नाहीत. टेपला एके ठिकाणी सुईएवढं भोक राहिलं होतं. तिथून पॉलिएस्टर आत उतरलं आणि त्याने थर्माकोल सुपारीएवढा खाल्ला. तेवढाच टेंगूळ आता सीटला उजव्या मांडीखाली आहे आणि डावीकडे वळताना तो बरोबर टोचतो.